वहीतली दोन चौकटींची ओळ

मुलांनो, आज वाचायला बसण्याआधी रद्दीतला एक कागद हातात घ्या. (वहीचं पान फाडू नका हं! नाहीतर तुमच्या आईचं पत्र मला यायचं.) त्या कागदाची मधोमध घडी घाला. मग त्या घडीची घडी. पुन्हा एक. सहा-सात घड्या झाल्या की कागद हट्टाला पेटतो, पुढे काही केल्या दुमडत नाही. पण समजा, तो दुमडतच राहिला तर?

कागदाची जाडी एक दशांश मिलिमीटर धरू. दर घडीला जाडी दुप्पट. दहाव्या घडीला ती होते दहा सेंटिमीटर, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. विसाव्या घडीला शंभर मीटरच्या वर. सत्ताविसाव्या घडीला एव्हरेस्ट खाली राहतं. बेचाळिसाव्या घडीला आपण चंद्राच्या पलीकडे! आणि शंभराव्या घडीला? तेव्हा त्या गठ्ठ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला प्रकाशाला तेराशे कोटी वर्षांहून जास्त वेळ लागेल. प्रकाशाला, बरं का! जो एका सेकंदात तीन लाख किलोमीटर धावतो, त्याला.

खोटं वाटतंय? मग गुणाकार करून बघा. माझ्या चौथीच्या वर्गानं फळ्यावर करून पाहिला होता. तिसाव्या घडीपर्यंत आलो आणि फळा संपला.

दुपटीची ही गंमत डोक्यात ठेवा. कारण आज ज्यांची ओळख करून घ्यायची आहे, त्या अॅलन गूथ यांनी अशाच शंभरएक दुपटी विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या क्षणात बसवून दाखवल्या. आणि त्यातली खरी मौज अशी, की विश्व हा त्यांचा विषयच नव्हता! त्यांचा विषय होता मूलकण. म्हणजे जगातल्या सगळ्यात लहान वस्तू.

अॅलन गूथ यांचा जन्म २७ फेब्रुवारी १९४७ चा, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातला. तिथल्याच हायलंड पार्क नावाच्या गावातल्या सरकारी शाळेत ते शिकले. शाळेचं शेवटचं वर्ष बाकी असतानाच त्यांना एमआयटी या नामवंत संस्थेत प्रवेश मिळाला आणि १९७२ साली तिथूनच ते पीएचडी झाले. प्रबंधाचा विषय होता क्वार्क. आता क्वार्क म्हणजे काय? कुठलीही वस्तू अणूंची बनलेली असते, हे तुम्हाला माहीत आहे. अणूच्या मध्यभागी असतं केंद्रक, केंद्रकात असतात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, आणि या प्रत्येकाच्या पोटात असतात तीन क्वार्क. हे क्वार्क एकमेकांना कसे धरून ठेवतात, यावर गूथ यांनी बरंच डोकं चालवलं. पण १९७३ च्या सुमारास क्वार्कांबद्दल एक नवा, जास्त चांगला सिद्धान्त पुढे आला आणि गूथ यांचा प्रबंध जुना झाला. पाठ्यपुस्तक बदललं की जुन्या पुस्तकाला रद्दीवालाही भाव देत नाही, तसंच.

पुढे काय? पुढे नोकऱ्या. त्याही तात्पुरत्या. १९७१ ते १९७४ प्रिन्स्टनला, १९७४ ते १९७७ कोलंबियाला, १९७७ ते १९७९ कॉर्नेलला, मग एक वर्ष कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डच्या ‘स्लॅक’ या संस्थेत. नऊ वर्षांत चार बिऱ्हाडं! १९७१ मध्ये लग्न झालेलं, १९७७ मध्ये मुलगा झालेला, आणि कायमची नोकरी कुठेच नाही.

पालकहो, इथे तुमच्याशी दोन शब्द बोलते. मी तीन वर्षं शिक्षणसेवक होते. ‘पर्मनंट कधी होणार?’ हा प्रश्न हळदीकुंकवापासून एस.टी.पर्यंत कुठेही अंगावर येतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. आपल्या मुलांना पुढे संशोधन करावंसं वाटलं, तर त्यांच्याही वाट्याला अशी काही वर्षं येतील. अमेरिकेतल्या इतक्या हुशार माणसालाही ती चुकली नाहीत. बत्तीस वर्षांचा माणूस, पदरात लहान मूल, चौथी तात्पुरती नोकरी... शेजारीपाजारी काय म्हणत असतील, याची कल्पना करा!

असो. आपण कॉर्नेलला परत जाऊ. तिथे गूथ यांचे एक सहकारी होते, हेन्री टाय. तेही मूलकणवालेच. १९७८ मध्ये एके दिवशी त्यांनी गूथ यांना विचारलं, ‘नव्या सिद्धान्तांप्रमाणे एकध्रुवी चुंबक असायला हवेत का?’

थांबा, आधी एकध्रुवी चुंबक म्हणजे काय ते बघू. प्रयोगपेटीतली पट्टी-चुंबक आठवा. एका टोकाला उत्तर ध्रुव, दुसऱ्या टोकाला दक्षिण. ती पट्टी मधोमध तोडली तर काय होईल? एका तुकड्यात नुसता उत्तर आणि दुसऱ्यात नुसता दक्षिण? छे! दोन पूर्ण चुंबक तयार होतात. आणखी तोडा, चार होतील. नुसता एकच ध्रुव असलेला चुंबक आजवर कुणाच्या हाती लागलेला नाही. पण मूलकणांच्या त्या वेळच्या नव्या सिद्धान्तांतून मात्र असं निघत होतं, की विश्व जन्माला आलं तेव्हाच्या प्रचंड उष्णतेत असे एकध्रुवी कण तयार झाले असणार. ‘मग आपण ते किती झाले असतील, याचा हिशेब करू या का?’ असा टाय यांचा पुढचा प्रश्न.

गूथ यांना तो प्रश्न फारसा रुचला नाही. विश्वाच्या जन्माच्या गप्पा म्हणजे ज्याला जे वाटेल ते त्यानं बोलावं, असं त्यांचं तेव्हाचं मत होतं. त्यांना पक्कं मोजमाप हवं असे. टाय मात्र पिच्छा सोडेनात. असा एखादा मित्र प्रत्येकाला असावा, नाही का? एप्रिल १९७९ मध्ये स्टीव्हन वाइनबर्ग हे नाणावलेले शास्त्रज्ञ कॉर्नेलला आले आणि विश्वाच्या सुरुवातीच्या क्षणांबद्दलच बोलले. वाइनबर्ग म्हणजे मूलकणशास्त्रातला मोठा माणूस. त्याच वर्षी पुढे त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. ते ऐकून गूथ यांना वाटलं, एवढा मोठा माणूस या प्रश्नांकडे गंभीरपणे बघतो, तर मग आपल्याला काय हरकत आहे?

दोघं मित्र हिशेबाला बसले. उत्तर आलं ते भयंकर. एकध्रुवी कण इतके प्रचंड संख्येनं तयार व्हायला हवे होते, आणि प्रत्येक इतका जड, की त्यांच्या वजनानं विश्वाचा सगळा इतिहासच वेगळा झाला असता. तुम्ही-आम्ही नसतोच. पण आपण तर आहोत! आणि एकध्रुवी चुंबक एकही नाही. म्हणजे हिशेबात काहीतरी राहून गेलं होतं.

काय राहून गेलं असेल? इथे पाण्याचं उदाहरण उपयोगी पडतं. पाण्याचा बर्फ शून्य अंशाला होतो, असं आपण शिकतो. पण अगदी स्वच्छ पाणी, जराही धक्का न लावता, हळूहळू थंड केलं तर शून्याच्या खाली जाऊनही ते पाणीच राहू शकतं. जणू बर्फ व्हायचं ते विसरूनच जातं! मग एक टिचकी मारली की भराभर गोठतं. याला अतिशीतन म्हणतात. जन्मानंतर विश्वही थंड होत होतं आणि त्याचीही एक अवस्था जाऊन दुसरी येणार होती. तेव्हा विश्वही असंच ‘गोठायला विसरलं’ असेल तर? मग एकध्रुवी कण फारच थोडे तयार होतील. गूथ आणि टाय यांना ही वाट सापडली. दोघांनी मिळून तसा शोधनिबंध लिहायला घेतला. तेव्हा टाय यांनी आणखी एक गोष्ट सुचवली: या अतिशीतनामुळे विश्वाच्या प्रसरणाच्या वेगावर काही परिणाम होतो का, तेही एकदा तपासून बघ.

साधी सूचना. शाळेत आपण म्हणतो ना, ‘उत्तर आलं तरी ताळा करून बघा,’ तशीच.

गुरुवार, ६ डिसेंबर १९७९. गूथ तेव्हा कॅलिफोर्नियात ‘स्लॅक’मध्ये होते. तिथे तीन किलोमीटर लांबीचा एक सरळसोट यंत्रबोगदा आहे, त्यात इलेक्ट्रॉन पळवून प्रोटॉनच्या पोटात काय आहे ते बघत. म्हणजे जागासुद्धा लहानात लहान वस्तूंच्या अभ्यासाची. त्या रात्री घरी, जेवणंखाणं आटोपून सगळीकडे सामसूम झाल्यावर गूथ वही उघडून बसले आणि टाय यांनी सुचवलेला ताळा करू लागले.

उत्तर आलं, आणि ते चकित झाले. परिणाम होतो, आणि थोडाथोडका नाही. विश्व ज्या वेळी गोठायला विसरलेलं असतं, त्या वेळी पोकळीतच भरपूर ऊर्जा साठलेली असते. जागा पसरली तरी ही ऊर्जा विरळ होत नाही, तेवढीच दाट राहते. आणि आइन्स्टाइनच्या नियमांप्रमाणे अशा वेळी गुरुत्वाकर्षण ओढत नाही, उलट ढकलतं! जागा दुप्पट होते. तेवढ्याच वेळात पुन्हा दुप्पट. पुन्हा दुप्पट. कागदाच्या घड्या आठवल्या ना? आणि हे सगळं किती वेळात, तर सेकंदाच्या इतक्या बारीक अंशात, की तो लिहायचा तर दशांश चिन्हापुढे पस्तीसएक शून्यं काढावी लागतील. प्रोटॉनपेक्षा कितीतरी पटींनी लहान असा एक ठिपका तेवढ्यात गोटीएवढा झाला. ‘एवढंच? गोटी?’ असं म्हणू नका. आज आपल्याला दिसणारं सगळं विश्व, सूर्य-तारे-दीर्घिकांसकट, त्या गोटीतून पुढे पसरलेलं आहे, असं हा हिशेब सांगतो. फुगवटा थांबला की पोकळीतली ऊर्जा बाहेर पडते आणि तिचेच कण आणि उष्णता होतात. मोठ्या वर्गातल्या मुलांनी अप्रकट उष्मा शिकला असेल. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकतं, त्यातलाच प्रकार.

पण गूथ यांना आनंद झाला तो याहून वेगळ्या कारणानं. वर्षभरापूर्वी, नोव्हेंबर १९७८ मध्ये, कॉर्नेलला रॉबर्ट डिकी यांचं व्याख्यान झालं होतं. गूथ सहज जाऊन बसले होते. तो त्यांचा विषय नव्हता, हे सांगितलंच. डिकी म्हणाले होते, की विश्व एक सेकंदाचं असताना त्याच्या प्रसरणाचा वेग अतिशय नेमका असायला हवा होता. चौदाव्या दशांश स्थळाइतका नेमका. जरासा जास्त असता, तर सगळं विरळ होऊन गेलं असतं, तारे झालेच नसते. जरासा कमी असता, तर विश्व केव्हाच कोसळलं असतं. न फिरवता उभा केलेला भोवरा आरीवर कोट्यवधी वर्षं उभाच आहे, असं कुणी सांगितलं तर आपण विचारू ना, ‘त्याला धरलंय कुणी?’ डिकींचा प्रश्न तोच होता. उत्तर कुणाकडेच नव्हतं.

ते उत्तर आता गूथ यांच्या वहीत होतं. कसं, सांगते. मुंगी चेंडूवर चालली तर चेंडू गोल आहे, हे तिला कळेल. तोच चेंडू पृथ्वीएवढा केला तर? आपल्याला अंगण सपाट दिसतं, तसं तिलाही सगळं सपाटच दिसेल. विश्व सुरुवातीला कसंही असो, एवढ्या दुपटींनंतर ते ‘सपाट’च दिसणार. आणि विश्व असं सपाट असणं म्हणजेच तो नेमका वेग. भोवऱ्याला कुणी धरायची गरजच नाही, फुगवटा आपोआप त्याला उभा करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गूथ सायकलवरून कचेरीत निघाले ते इतके जोरात, की घरापासून तिथपर्यंत पोचायचा स्वतःचाच जुना विक्रम त्यांनी मोडला. नऊ मिनिटं बत्तीस सेकंद! (वेळ सेकंदांपर्यंत लिहून ठेवणारा हा माणूस मला फार आवडतो.) कचेरीत गेल्यावर त्यांनी वही उघडून वर मथळा लिहिला. त्याचा अर्थ साधारण ‘भन्नाट उलगडा’. मग रात्री सुचलेली गोष्ट एका वाक्यात लिहिली आणि त्या ओळीभोवती चौकट काढली. तेवढ्यानं समाधान झालं नसावं, कारण त्या चौकटीभोवती आणखी एक चौकट काढली. वहीत महत्त्वाचं वाक्य चौकटीत लिहा, असं मी वर्गात नेहमी सांगते. दोन चौकटींची वेळ अजून कुणावर आलेली नाही.

काही दिवसांनी उपाहारगृहात जेवताना सहकाऱ्यांचं दुसऱ्याच एका कोड्याबद्दल बोलणं चाललं होतं. ते कोडं असं: आकाशात कुठेही बघा, विश्वाच्या बालपणातली मंद ऊब सगळीकडून सारखीच येते. १९६४ साली तिचा शोध लागला. तापमान सुमारे उणे २७० अंश सेल्सियस. पूर्वेच्या टोकाला तेच, पश्चिमेच्या टोकाला तेच. पण या दोन टोकांमध्ये अंतर इतकं होतं, की एकाकडची उष्णता दुसऱ्याकडे पोचायला वेळच मिळाला नव्हता. मग सारखं तापमान आलं कुठून?

आम्हा शिक्षकांना हे कोडं चटकन कळतं. समजा, दोन दूरदूरच्या परीक्षा केंद्रांवरच्या दोन मुलांचे पेपर तपासायला आले, आणि दोन्ही उत्तरपत्रिका काना-मात्रेसकट सारख्या! केंद्रं वेगळी, मधे कुणाचं येणं-जाणं नाही. मग एकच शक्यता उरते. परीक्षेच्या आधी ती दोघं एकत्र बसली असणार. गूथ यांच्या लगेच ध्यानात आलं, की आपला फुगवटा इथेही चालतो. फुगण्याआधी तो सगळा भाग इवलासा होता, एकाच बाकावर बसल्यासारखा. तापमान तेव्हाच सारखं झालं. दूर गेले ते मग. एका युक्तीत तीन कोडी सुटली: एकध्रुवी कणांचं, नेमक्या वेगाचं आणि सारख्या तापमानाचं.

या कल्पनेला त्यांनी नाव दिलं ‘इन्फ्लेशन’. तुमचे बाबा वर्तमानपत्रात हा शब्द वाचून कपाळाला आठ्या घालतात, तो महागाईचा. अमेरिकेतही तेव्हा महागाई भडकलेलीच होती. आपण मात्र मराठीत फुगवटा म्हणू या, भाव वाढल्याचं तरी वाटणार नाही.

जानेवारी १९८० मध्ये गूथ यांनी ‘स्लॅक’मध्ये व्याख्यान दिलं. बातमी झपाट्यानं पसरली. नऊ वर्षं ज्याला कायमची जागा मिळत नव्हती, त्याला आता ठिकठिकाणाहून बोलावणी येऊ लागली. पण त्यांचं मन होतं एमआयटीत, आणि एमआयटीत जागेची जाहिरातच नव्हती. अशात एका चिनी खानावळीत जेवण झालं. तिथे जेवणानंतर एक बिस्किट देतात, ते फोडलं की आत भविष्याची चिठ्ठी निघते. गूथ यांच्या चिठ्ठीत अशा अर्थाचं काही होतं, की बुजला नाहीस तर मोठी संधी समोरच आहे. भविष्यावर विश्वास ठेवू नका, असं मीच तुम्हाला सांगत असते. पण गूथ यांनी चिठ्ठी वाचून घरी बसून वाट पाहिली नाही, स्वतःच एमआयटीला फोन करून विचारलं. जागा मिळाली! विद्यार्थी म्हणून सोडलेल्या संस्थेत ते प्राध्यापक होऊन परतले.

आता या गोष्टीतला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग.

फुगवट्याच्या कल्पनेत एक भोक होतं. फुगवटा सुरू होतो, ठीक. पण थांबतो कसा? गूथ यांच्या पहिल्या हिशेबाप्रमाणे फुगणाऱ्या पोकळीत नव्या अवस्थेचे बुडबुडे तयार व्हायला हवे होते आणि ते एकमेकांत मिसळून सगळीकडे नवी अवस्था यायला हवी होती. पातेल्यात पाणी उकळतं तेव्हा तळाचे बुडबुडे एकमेकांत मिसळतात, तसे. पण इथे दोन बुडबुड्यांमधली जागाच इतक्या झपाट्यानं वाढत होती, की ते नीट मिसळतच नव्हते. मग जे विश्व तयार होईल ते गाठी-गाठीचं, न घोटलेल्या पिठल्यासारखं. आपलं विश्व तसं नाही.

हे भोक दुसऱ्या कुणी दाखवलं नव्हतं. गूथ यांनाच दिसलं होतं. त्यांच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? नव्या नोकरीचा मामला, सगळीकडे नाव झालेलं. गणिताच्या पेपरात शेवटची पायरी जमली नाही की काही मुलं ती जागा शाईच्या डागानं झाकतात, हे मी पाहिलेलं आहे! गूथ यांनी तसं केलं नाही. १५ जानेवारी १९८१ ला त्यांचा शोधनिबंध छापून आला. त्यात कल्पना तर मांडलीच, पण ती आहे त्या रूपात चालत नाही, हेही स्पष्ट लिहिलं. आणि हा निबंध मी अशासाठी छापतो आहे, की दुसऱ्या कुणीतरी या अडचणीतून वाट काढावी, असा मजकूरही घातला.

आणि वाट निघाली! मॉस्कोमधल्या आंद्रेई लिंडे यांनी, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे अमेरिकेत अँड्रियास अल्ब्रेक्ट व पॉल स्टाइनहार्ट यांनी, १९८२ मध्ये नवी मांडणी केली. त्यात फुगवटा झटक्यात न थांबता हळूहळू थांबतो आणि आपल्याला दिसणारं सगळं विश्व एकाच बुडबुड्यात मावतं. मिसळायची भानगडच नको. मॉस्कोमध्येच अलेक्सेई स्टारोबिन्स्की वेगळ्या वाटेनं अशाच कल्पनेपर्यंत पोचले होते. त्या वेळी अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांचं एकमेकांशी किती वाकडं होतं, ते तुमच्या आजोबांना विचारा. पण कागदावरचा प्रश्न तिकडून इकडे येत-जात होता.

१९८२ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या केंब्रिजला बरीच मंडळी जमली. गूथ होते, स्टीफन हॉकिंग होते, स्टारोबिन्स्की होते. प्रश्न होता: विश्व जर इतकं इस्त्री केल्यासारखं सपाट आणि सारखं झालं, तर मग दीर्घिका, तारे आणि आपण आलो कुठून? सगळीकडे अगदी सारखं पसरलेलं असतं तर कुठे काही जमायला नकोच. उत्तर पुन्हा मूलकणांच्या जगातून आलं. अतिसूक्ष्म पातळीवर काहीच स्थिर नसतं, सतत बारीक थरथर चालू असते. फुगवट्यानं ती थरथरही ताणून अवाढव्य केली. कुठे द्रव्य तसूभर जास्त, कुठे तसूभर कमी. जास्त असलेल्या ठिकाणी पुढे आणखी द्रव्य ओढलं गेलं आणि दीर्घिका झाल्या. सुरुवातीला प्रत्येकाचं उत्तर वेगवेगळं येत होतं. भांडून, पुन्हा पुन्हा हिशेब करून, बैठक संपेपर्यंत ती जुळली.

म्हणजे आकाशातली ऊब अगदी सारखी नसून तिच्यात अगदी किंचित फरक असायला हवा. १९८९ मध्ये अमेरिकेनं ‘कोबी’ नावाचा उपग्रह पाठवला. १९९२ च्या एप्रिलमध्ये त्याची मोजणी जाहीर झाली: फरक आहे, सुमारे एक लाखात एक भाग एवढा. गूथ यांनी वहीत दोन चौकटी काढल्या, त्याला तेव्हा बारा वर्षं होऊन गेली होती. नंतरच्या उपग्रहांनी ती ऊब आणखी बारकाईनं मोजली. विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं निघालं आणि विश्व सपाटही निघालं, मोजता येतं तिथवर तरी.

तुम्हाला वाटेल, एवढा मोठा शास्त्रज्ञ म्हणजे टापटिपीचा असणार. मुळीच नाही! २००५ साली बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रानं सगळ्यात पसारा असलेल्या कचेरीची स्पर्धा घेतली आणि तिच्यात गूथ यांची खोली पहिली आली. (हे वाक्य आईला वाचून दाखवू नका.) २०१२ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं एक नवं, भलंमोठं पारितोषिक मिळालं, तीस लाख डॉलरचं. त्यांच्या खात्यात त्या वेळी दोनशे डॉलर होते, ते एकदम तीस लाख दोनशे झाले. आणि बँकेनं पैसे जमा करण्याचे बारा डॉलर कापून घेतले, असं त्यांनी हसत हसत सांगितलं होतं. २०१४ मध्ये गूथ, लिंडे आणि स्टारोबिन्स्की या तिघांना मिळून नॉर्वेचं काव्हली पारितोषिक देण्यात आलं.

पण म्हणून गोष्ट संपली का? नाही. त्याच २०१४ च्या मार्चमध्ये दक्षिण ध्रुवावरच्या एका दुर्बिणीच्या चमूनं जाहीर केलं, की फुगवट्याच्या वेळच्या गुरुत्वलहरींची खूण सापडली. सगळीकडे आनंदीआनंद! वर्षही उलटलं नाही तोच, जानेवारी २०१५ पर्यंत, कळलं, की ती खूण आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीची असू शकते, आणि दावा मागे पडला. ज्या स्टाइनहार्टनी पूर्वी भोक बुजवायला मदत केली, तेच पुढे फुगवट्याच्या कल्पनेचे कडक टीकाकार झाले. आपले डॉ. जयंत नारळीकर तर या सगळ्यांच्या आधीपासून वेगळ्या वाटेनं चालत होते. विश्वाची सुरुवात एका महास्फोटानं झाली, हेच त्यांना मान्य नव्हतं. २०२५ साली ते गेले, तोवर त्यांनी आपला मुद्दा सोडला नाही. त्यांनी आणि थाणू पद्मनाभन यांनी १९९१ मध्ये फुगवट्याची कल्पना खगोलशास्त्रज्ञांना समजावी म्हणून एक लांबलचक लेखही लिहिला होता. जी कल्पना पटत नाही, तीसुद्धा आधी नीट समजून घ्यायची आणि मग वाद घालायचा.

मुलं मला विचारतात, ‘बाई, फुगवट्याच्या आधी काय होतं?’ यावर गूथ यांनीही पुष्कळ विचार केला आहे. २००३ मध्ये दोन सहकाऱ्यांसह त्यांनी एक गणिती निकाल प्रसिद्ध केला. तो सांगतो, की सतत पसरत आलेलं विश्व मागे मागे नेलं तर ते अनंत काळ मागे नेता येत नाही. कुठेतरी ती वाट संपते. संपते तिथे काय आहे, हे तो निकाल सांगत नाही. ती जागा सध्या कोरी आहे.

ती सगळीकडून येणारी मंद ऊब पहिल्यांदा दोन माणसांना सापडली, आणि आपल्या यंत्रात बिघाड झालाय असं समजून त्यांनी आधी त्यात घरटं केलेल्या कबुतरांची घाण साफ केली! ती गोष्ट पुढच्या अंकात. तोवर तिसाव्या घडीला कागद किती किलोमीटर जाड होतो, ते काढून ठेवा.